पिकअपला एक्स्ट्रा लाइट लावताय? आधी तुमचा वेग सांगा!

गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात जा आणि "पिकअपसाठी एक्स्ट्रा लाइट दाखवा" असं म्हणा. दुकानदार काउंटरवर सगळ्यात आधी काय ठेवेल? हातभर लांबीची एलईडी लाइट बार. ती बॅटरीला जोडून दाखवेल, भर दुपारी तुमचे डोळे दिपतील आणि तुम्हाला वाटेल, हेच तर हवं होतं! पण जरा थांबा. दुकानात डोळे दिपवणारा दिवा रात्री रस्ताही तितकाच छान दाखवेल, असं मुळीच नाही. खरं तर उलटंही होऊ शकतं.

तुमची गाडी शेतावर जाणारी बोलेरो कॅम्पर असेल, कुर्गच्या कॉफीच्या मळ्यात फिरणारी असेल किंवा स्पितीच्या ट्रिपसाठी हौसेने घेतलेली इसुझू व्ही-क्रॉस नाहीतर टोयोटा हायलक्स असेल. दिवे निवडताना पहिला प्रश्न "किती वॅट?" हा नाही. पहिला प्रश्न हा की, ज्या रस्त्यावर हे दिवे लागणार आहेत तिथे तुम्ही गाडी किती वेगाने चालवता?

गणित सोपं आहे. समोर काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असं धरा. मातीच्या आणि खडीच्या रस्त्यावर टायरची पकड डांबरापेक्षा बरीच कमी असते. हे दोन्ही हिशेबात घेतलं तर ताशी २० किलोमीटर वेगाला गाडी थांबायला सुमारे १२ मीटर लागतात. ४० च्या वेगाला ३२ मीटर आणि ६० च्या वेगाला ६० मीटर. म्हणजे पाणंद रस्त्याने, दगडगोट्यांतून, ओढा ओलांडत दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्या माणसाला अर्धा किलोमीटर दूरचं झाड दिसून काय उपयोग? त्याला हवी आहे डाव्या चाकाशेजारची खाच, वळणावरचा खचलेला बांध आणि रस्त्याच्या कडेला बसलेली म्हैस. याउलट कच्छच्या रणात किंवा जैसलमेरच्या पुढे मोकळ्या सपाट वाटेवर ६० ने जाणाऱ्याला लांबचंच दिसायला हवं.

झोत कसा आहे ते बघा

सगळी निवड इथेच होते. स्पॉट लाइटचा झोत अरुंद असतो, साधारण १० अंशांच्या आसपास. तो लांब जातो, पण बाजूला अंधार ठेवतो. फ्लड लाइटचा झोत ६० अंश किंवा त्याहूनही रुंद पसरतो, पण जवळच संपतो. या दोघांच्या मधला तो ड्रायव्हिंग लाइट. तो तुमच्या हेडलाइटच्या अपरची लांबी थोडी वाढवतो. फॉग लाइटचा झोत रुंद, पण वरून सुरीने कापल्यासारखा असतो, म्हणजे प्रकाश वर उडतच नाही. आणि दुकानातली ती लाइट बार बहुतेक वेळा 'कॉम्बो' असते: मधले एलईडी स्पॉट, कडेचे फ्लड. सगळं थोडं थोडं.

मोकळ्या वाळवंटातल्या प्रवासासाठी कॉम्बो वाईट नाही. पण सह्याद्रीतल्या घाटवाटा, मलनाडचे मळे किंवा मेघालयातल्या डोंगरवाटा यांच्यासाठी माझं मत विचाराल तर दोन छोटे, चौकोनी फ्लड लाइट पुरेसे आहेत. तेसुद्धा सरळ पुढे नव्हे, तर थोडे बाहेरच्या बाजूला वळवून. बोनेटच्या मागच्या कोपऱ्यात, काचेच्या खांबाजवळ असे दिवे लावायची पद्धत परदेशातल्या ऑफ-रोडिंगवाल्यांकडून आपल्याकडे आली आहे. तिकडे त्यांना 'डिच लाइट' म्हणतात, म्हणजे चर दाखवणारा दिवा. नाव अगदी बरोबर आहे. घाटाच्या वळणावर हेडलाइट समोरच्या दरीत प्रकाश टाकत असतात आणि गाडी वळणार असते डावीकडे. तो डावीकडचा अंधार हे दिवे भरून काढतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडीच्या अगदी पुढ्यातली जमीन खूप उजळली की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. त्यामुळे लांबचा अंधार आणखी गडद दिसतो. दिवे वाढले, पण दिसणं कमी झालं! आणि असे प्रखर दिवे बंद केल्यावर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो, पूर्ण सरावायला तर २० ते ३० मिनिटं. वय वाढतं तसा हा वेळही वाढतो. घरात साठीच्या पुढचे बाबा किंवा काका गाडी चालवत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय दिवे ठरवू नका. तुम्हाला मस्त वाटणारा प्रकाश त्यांना त्रासाचा होऊ शकतो.

लुमेनचा बाजार

खोक्यावरचे आकडे वाचून हसू येतं. मूठभर दिवा आणि त्यावर लिहिलेलं असतं ३०० वॅट, ३०,००० लुमेन! ताडून बघायचा उपाय ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो. डीसी क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावायचा, इंजिन सुरू असताना दिवा लावायचा आणि अँपिअर बघायचे. त्यांना व्होल्टेजने गुणलं की खरे वॅट मिळाले. समजा मीटरवर ३ अँपिअर दिसले आणि व्होल्टेज १३.५ आहे, तर दिवा ४० वॅटचा आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. चांगल्या एलईडी दिव्यातून एका वॅटला साधारण १०० लुमेन मिळाले तरी ते झाले ४,००० लुमेन.

आणि ४,००० लुमेन कमी नाहीत बरं का! आपल्याकडच्या अनेक गाड्यांत असणारा ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब डिपरवर सुमारे १,००० लुमेन देतो. म्हणजे खऱ्या ४० वॅटच्या एलईडीचा प्रकाश अशा चार बल्बांइतका. प्रश्न तो प्रकाश जातो कुठे याचा आहे. चांगल्या कंपन्या दिव्यासोबत झोताचा नकाशा देतात: किती मीटरवर, किती रुंदीत, किती लक्स. हेला, पिया, बाजा डिझाइन्ससारख्या जुन्याजाणत्या कंपन्यांची माहितीपत्रकं एकदा नजरेखालून घाला. विकत त्यांचंच घ्यायला हवं असं नाही, पण चांगल्या दिव्याबद्दल काय काय सांगता येतं हे तरी कळतं.

खोक्यावर आयपी आकडाही बघा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत शिरणार नाही आणि दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. ओढे ओलांडणाऱ्याने याच्या खाली जाऊ नये. आणि एक घरगुती चाचणी: दिवे लावून एफएम रेडिओ सुरू करा. खरखर वाढली तर आतलं सर्किट स्वस्तातलं आहे असं समजा.

पिवळा की पांढरा?

धुक्यात पिवळाच हवा, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. पिवळा प्रकाश धुक्याला 'भेदतो' असं त्यामागचं कारण सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. पण पिवळ्या दिव्यात निळा भाग गाळलेला असतो आणि डोळ्यांना चमक जास्त बोचते ती निळसर प्रकाशाचीच. म्हणून पिवळ्या प्रकाशात बरं वाटतं, डोळे कमी थकतात. धुळीतही तसंच.

आंबोली, महाबळेश्वर किंवा डिसेंबर-जानेवारीतला पंजाब अशा ठिकाणी तुमचं येणंजाणं असेल तर ६,५०० केल्विनच्या बर्फासारख्या पांढऱ्या दिव्यांच्या मागे लागू नका. ३,००० केल्विनच्या आसपासचे पिवळे फॉग लाइट घ्या आणि ते बंपरमध्ये, शक्य तितके खाली बसवा. धुक्यात उंचीच जास्त महत्त्वाची. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका धुक्यावरून परतणारा प्रकाश थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. टपावरची लाइट बार धुक्यात आणि उडत्या धुळीत म्हणूनच निरुपयोगी. शिवाय ती स्वतःच्याच बोनेटवर चकाकते आणि ८० च्या पुढे शीळ घालते. फोटोत मात्र झकास दिसते, हे मान्य.

आधी आहे ते नीट करा

खरेदीच्या आधी अर्धा तास हेडलाइटला द्या. पाच-सात वर्षांच्या गाडीची हेडलाइटची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळट, धुरकट झालेली असते. ती पॉलिश करून घेतली की फरक स्वतःच बघाल. बल्ब काळवंडला असेल तर जोडीने बदला.

वायरिंगही तपासा, कारण हॅलोजनचा स्वभाव विचित्र आहे. त्याला मिळणारं व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर प्रकाश १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. जुन्या पिकअपमध्ये गंजलेल्या अर्थिंगमुळे हेच होत असतं आणि मालक दोष देतो हेडलाइटला. अर्थिंगचा बोल्ट घासून साफ करण्याचा खर्च लाइट बारच्या खर्चापुढे काहीच नाही.

पिकअपची म्हणून एक खास अडचण आहे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडीचं नाक वर होतं. डिपरवर असूनही तुमचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो, झाडांच्या शेंड्यांवर जातो आणि रस्ता अंधारातच राहतो. त्यासाठीच डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे असलेली चकती असते. माल भरल्यावर ती फिरवायची असते, हे किती जणांना माहीत आहे? नवीन दिव्यांना मात्र अशी चकती नसते. म्हणून त्यांचा कोन रिकाम्या गाडीवर ठरवू नका. तुम्ही एरवी नेता तेवढा माल, तेवढी माणसं भरूनच ठरवा.

वायरिंग: इथे पैसे वाचवू नका

गाडीत धूर निघतो तो बहुतेकदा दिव्यामुळे नाही, दिव्याला जोडलेल्या वायरीमुळे. दोन ५५ वॅटचे हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून किंवा हेडलाइटच्या मूळ वायरीला टॅप मारून नेला तर वायर तापते, आवरण वितळतं आणि पुढचं सांगायला नको. एलईडी कमी करंट घेतात, पण नियम तोच.

पद्धत अशी: बॅटरीच्या प्लसपासून वायर निघाली की वीतभर अंतराच्या आत फ्यूज. नंतर रिले. रिलेवरून दिव्यांकडे जाडजूड वायर, दोन हॅलोजनसाठी २.५ चौरस मिलिमीटरची. स्विचमधून फक्त रिलेला चालू-बंद करणारा किरकोळ करंट जातो. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीकडून आलेली वायर, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी, ८६ वर स्विच आणि ८५ वर अर्थिंग. काम झाल्यावर हे आकडे स्वतः वाचा. वाईट काही वाटून घेणार नाही कोणी, आणि वाटलं तर वाटू दे!

फ्यूज बॅटरीच्या इतक्या जवळ का? कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कोणाचंच संरक्षण नाही. तिथे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नसतं. म्हणून हा तुकडा आखूड ठेवायचा. ऑफ-रोडवर गाडी सतत हादरते, त्यामुळे वायर पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट आणि बाकी सगळीकडे प्लॅस्टिकची लवचीक नळी हवीच. आणि कंपनीची मूळ वायरिंग कापून जोड देऊ नका. पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होतो तो याच कापलेल्या वायरीवरून. खटक्याने बसणारे तयार हार्नेस मिळतात.

समोरून येणारा माणूस

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. ऊसतोडीच्या हंगामातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. समोरून मोटरसायकल येते आहे, मागे बायको, पुढे टाकीवर मूल. त्यांच्या पुढे, कडेला, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी आहे. तुमची लाइट बार चालू आहे. त्या मोटरसायकलवाल्याला पुढची काही सेकंद काहीही दिसणार नाही. ट्रॉली तर नाहीच नाही.

म्हणून एक्स्ट्रा दिव्यांचा रिले नेहमी अपरवर जोडून घ्या. स्वतंत्र स्विच असू द्या, पण त्याला जाणारा करंट हेडलाइटच्या अपरमधून आला पाहिजे. मग तुम्ही डिपर मारलात की सगळे एक्स्ट्रा दिवे त्याच क्षणी बंद. दोन बटणं शोधायला नकोत, विसरायला नको. फक्त फॉग लाइट यातून वगळा, कारण ते डिपरसोबतच लावायचे असतात.

कायदाही याच काळजीतून आला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ सांगतो की, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याशिवाय गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठी दिव्याचा झोत खाली वळलेला असायला हवा असं सांगतो. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल गाडीत केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "झाकण लावलंय की साहेब" हे वाक्य रस्त्यावर एखादवेळी चालून जाईल, पण नियमात तशी पळवाट लिहिलेली नाही. स्पॉट लाइट हवाच असेल तर आधी आरटीओत विचारा.

दिवे बुल बारवर लावायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. एअरबॅगचे सेन्सर ठराविक धडकेला ठराविक प्रकारे उघडावेत असे बसवलेले असतात, मध्ये लोखंडी चौकट आली की ते गणित बिघडतं. पायी चालणाऱ्याला लागतं ते वेगळंच.

मग घ्यायचं काय? बहुतेक घरांसाठी माझी यादी अशी आहे: चकचकीत केलेले मूळ हेडलाइट, कंपनीच्याच ॲक्सेसरीजमधले फॉग लाइट आणि फक्त शेतात, मळ्यात, खासगी जागेत लावायचे दोन फ्लड. जंगलालगत राहणाऱ्यांनी ते फ्लडही जपून वापरावेत. प्रखर झोतात हरीण, ससा जागच्या जागी थिजतात, आणि रात्री दिवे फिरवत जाणाऱ्या गाडीकडे वनखातं शिकारी म्हणूनच बघणार.

आणि हो, एक दिवा मागे! याबद्दल कोणी बोलत नाही, पण पिकअपमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाईल तो हाच. केबिनच्या मागे, हौद्याकडे तोंड करून लावलेला १५-२० वॅटचा फ्लड. रात्री कांद्याच्या गोण्या उतरवताना, तंबू ठोकताना, पंक्चर काढताना, आजीला हात धरून उतरवताना मोबाइलची बॅटरी तोंडात धरावी लागत नाही. त्याचा स्विच मात्र वेगळा ठेवा आणि त्याला छोटा लाल इंडिकेटर लावून घ्या. तो चालू ठेवून हायवेला लागलात तर मागच्या ट्रकवाल्याचे शिव्याशाप मिळतील.

सगळं बसवून झालं की अंधार पडल्यावर गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. फॉग लाइटच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किमान १० सेंटीमीटर खाली यायला हवी. नंतर मोकळ्या मैदानात ५० मीटरवर कोणाला तरी स्कूटरवर बसवा, तोंड गाडीकडे. अपर, डिपर, फॉग, एकेक लावून बघा. मग जागा बदला: तो गाडीत, तुम्ही स्कूटरवर. डिपरला डोळे मिटावेसे वाटले तर बोल्ट सैल करून दिवा बोटभर खाली घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. पाना बरोबर न्यायला विसरू नका.